गेम बिघडलेला आलाय हे आधी सांगा, मार्क नंतर द्या



माझ्या पोस्ट नेहमी रस्ता, पाणी आणि इंद्रायणीच्या फेसावर असतात. आज व्हिडिओ गेमवर लिहितोय. "याला काही उद्योग नाही का" असं काहीजण म्हणतील, म्हणू देत. विषय चार हजार रुपयांचा आहे आणि ते चार हजार आपल्याच आळंदीतल्या एका पोराच्या कष्टाचे आहेत.

माझा भाचा कॉलेजला आहे. कार्तिकीच्या यात्रेत तो आठ-दहा दिवस टाळ आणि तुळशीच्या माळांच्या दुकानात उभा होता. पहाटे शटर वर, रात्री अकराला खाली. त्या पैशात थोडे ताईने घातले आणि पोराने एक मोठा गेम निघाला त्याच दिवशी विकत घेतला. गेमचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला एकाशी भांडायचं नाहीये. ही सवयच सगळीकडे झाली आहे.

रात्रभर डाउनलोड चाललं. सकाळी चालू केला तर पडद्यावर "शेडर तयार होत आहेत" असं दाखवणारी पट्टी, ती चाळीस मिनिटं. मग गेम सुरू झाला, पण चित्र अडखळत. दहा मिनिटांनी आपोआप बंद. पोराने ग्राफिक्स कमी केले, ड्रायव्हर अपडेट केला, परत चालू, परत बंद. शेवटी पैसे परत मागितले. दुकानाचा नियम असा की गेम दोन तासांपेक्षा जास्त चालवला असेल तर पैसे परत नाहीत. ती चाळीस मिनिटांची पट्टीसुद्धा त्या दोन तासांत धरली होती. अर्ज नामंजूर.

मी त्याला ओरडलो, "बघून घ्यायचं ना आधी." तो म्हणाला, "मामा, चार रिव्ह्यू बघून घेतलाय."

मग मी त्याच्याबरोबर बसून ते चारही रिव्ह्यू पाहिले. तिघांनी बिघाडाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चौथ्याने शेवटच्या मिनिटात सांगितलं होतं की "थोडे टेक्निकल इश्यू आहेत, पण पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये निघून जातील," आणि लगेच दहापैकी नऊ मार्क. आपण खेळलेला गेम कुठल्या कॉम्प्युटरवर खेळलो हे चौघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. मी चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडेही माल दरवेळी शंभर टक्के ड्रॉइंगप्रमाणे निघतो असं नाही, खोटं कशाला बोलू. कधी कधी माल थोडा चुकलेला असतो आणि पुढची लाइन थांबवून चालत नाही. अशा वेळी आम्ही डेव्हिएशन मागतो. त्या कागदावर नेमकं काय चुकलंय, किती नग, कुठल्या तारखेपर्यंत, आणि जबाबदारी कोणाची हे सगळं लिहून सही होते. मगच माल गाडीत चढतो. म्हणजे चूक माफ होऊ शकते, पण लेखी. "पुढच्या लॉटला नीट होईल" असं तोंडी सांगून आजच्या लॉटला ओके स्टिकर लावला, तर दुसऱ्या दिवशी आमची नोकरी गेली म्हणून समजा.

रिव्ह्यू करणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. माफ करायचं तर करा, पण डेव्हिएशन लिहा. आणि मार्क आज हातात असलेल्या मालाला द्या. उद्या येणाऱ्या पॅचला कसले मार्क देता?

हे काही आपल्याकडच्या यूट्यूबवाल्यांनीच सुरू केलेलं नाही. जगातले मोठमोठे लोकही यात फसलेत.

मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला. शहर वसवायचा गेम, एकट्याने खेळायचा, तरी सतत इंटरनेट लागणार. 'पॉलिगॉन' या नावाजलेल्या साइटने गेम बाजारात येण्याआधी खेळून दहापैकी ९.५ दिले. तेव्हा सर्व्हरवर गर्दीच नव्हती. लाखो लोक एकदम आले आणि सर्व्हर बसले. लोकांना पैसे भरून आतच जाता येईना. भार कमी करायला कंपनीने गेममधला सगळ्यात जलद वेग काही दिवस बंद करून टाकला. पॉलिगॉनने आपले मार्क आधी ८ वर आणले, मग ४ वर. लोक त्यांना हसले, पण मी म्हणतो त्यांनी निदान चूक जाहीरपणे दुरुस्त केली. पण रिकाम्या सर्व्हरवर खेळून मार्क दिले ही मूळ चूक राहतेच. आषाढी वारीत आळंदीच्या पुलाची परीक्षा घ्यायची तर ती प्रस्थानाच्या दिवशी. वैशाखातल्या दुपारी पूल मोकळा बघून "गर्दीचं नियोजन उत्तम" असं लिहिलं तर तुम्हीच मला वेड्यात काढाल.

दुसरं उदाहरण 'सायबरपंक २०७७' चं. १० डिसेंबर २०२० ला आला. कंपनीने रिव्ह्यूसाठी आधी फक्त पीसीची कॉपी दिली आणि रिव्ह्यूत स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायला मनाई केली, कंपनीने दिलेलं चित्रण वापरायचं. भारी पीसीवर गेम बरा चालला, रिव्ह्यू चांगले आले. बग आहेत असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, पण मोठे मार्क दिसले की खालचा मजकूर वाचतो कोण? घरोघरी प्लेस्टेशन ४ आणि जुन्या एक्सबॉक्सवर गेम लावला तर तो चालण्याच्या लायकीचा नव्हता. आठवड्यात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. परत विक्रीला यायला जून २०२१ उजाडला. 'आयजीएन'ने याच गेमला पीसीवर ९ आणि जुन्या कन्सोलवर ४ दिले. गेम तोच आणि वर्तमानपत्रही तेच म्हणा, पण मार्क दोन. माझ्या मते ते बरोबरच होतं. फक्त दुसरा आकडा आला तोवर लोकांचे पैसे गेले होते.

आता रिव्ह्यू करणाऱ्यांची बाजूही मांडतो, एकतर्फी लिहिणं बरं नाही.

त्यांनाही कंपनी गेम आयत्या वेळी देते. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत बोलायचं नाही असा करार असतो. त्याच मिनिटाला व्हिडिओ टाकला नाही तर व्ह्यूज दुसऱ्याला जातात. "पॅच येतोय, या अडचणी त्यात जातील" अशी कंपनीची यादी हातात असते आणि कधी कधी खरंच जातात. शिवाय फार खरं बोललं तर पुढच्या गेमची कॉपी येईल का ही धास्ती. आपल्या भागातली जी पोरं मराठीत गेमचे व्हिडिओ करतात त्यांच्यातले बहुतेक नोकरी-कॉलेज सांभाळून करतात. त्यांच्यावर दात धरून मी लिहीत नाहीये.

पण मग निदान थांबा. बाहेर काही साइट "रिव्ह्यू चालू आहे" असं लिहून मार्क राखून ठेवतात, सर्व्हरवर खरी गर्दी झाली की आकडा देतात. हे कुणालाही जमेल, याला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे "आपला गेम". पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या टीमने 'राजी' केला. १८ ऑगस्ट २०२० ला तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला. तेव्हा ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंही जात नव्हतं, म्हणजे पुण्यात तयार झालेला गेम पुण्याच्या बहुतेक पोरांना ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकी कन्सोलवर आल्यावरच मिळाला. परदेशातल्या समीक्षकांनी चित्रशैलीचं भरभरून कौतुक केलं आणि मारामारी अडखळते, शेवट घाईत उरकलाय असंही लिहिलं. त्याच वर्षी पहिल्या गेमसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या नामांकनात 'राजी' होता. म्हणजे खरं बोलल्याने छोट्या टीमचं वाटोळं झालं नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली.

याच्या उलट 'फौजी'. बंगळुरूच्या कंपनीने २६ जानेवारी २०२१ ला काढला. पबजीवर बंदी आलेली, देशभक्तीचं वातावरण, गेम हातात यायच्या आधीच जयजयकार. आत गेल्यावर लोकांना कळलं की मित्रांबरोबर खेळायची सोयच अजून नाहीये. काही दिवसांत प्ले स्टोअरचं रेटिंग घसरून तीनच्या घरात आलं. त्यात पबजीवाल्यांनी मुद्दाम एक-एक स्टार दिले तेही होतेच. पहिल्या दिवशी कुणी शांतपणे "हे आहे, हे नाही, हे पुढे येणार आहे" असं सांगितलं असतं तर कंपनीचं आणि लोकांचं दोघांचं भलं झालं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' आला, आधीच एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवून ठेवलेलं. पुढचा मोठा गेम आपल्या पिंपरी-चिंचवडमधूनही येईल, यावा. तेव्हा खोटी पाठ थोपटू नका आणि उगीच शिव्याही घालू नका.

कुणी म्हणेल, "अरे पण नंतर गेम सुधारतात की." सुधारतात, मान्य. सायबरपंक आज चांगला गेम मानला जातो. पण हिशोब बघा. पहिल्या दिवशी घेणारा पूर्ण किंमत देतो आणि त्याला सगळ्यात बिघडलेला माल मिळतो. वर्षभर थांबणारा सवलतीत घेतो आणि त्याला चांगला माल मिळतो. म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त विश्वास टाकला त्यालाच सगळ्यात जास्त चुना. आणि तो विश्वास टाकतो कुणाच्या शब्दावर? रिव्ह्यूवाल्याच्या.

तर माझ्या चार मागण्या आहेत.

एक, कुठल्या यंत्रावर खेळलात ते पहिल्या मिनिटात सांगा. लाखाच्या ग्राफिक्स कार्डवर खेळून जीटीएक्स १६५० च्या लॅपटॉपवाल्याला सल्ला देऊ नका. आपल्याकडे अनेकांच्या घरात तसाच लॅपटॉप आहे.

दोन, काय तपासता आलं नाही ते सांगा. सर्व्हर रिकामा होता, कन्सोलची कॉपी मिळाली नाही, शेवटपर्यंत खेळून झालं नाही. हे सांगण्यात कमीपणा नाही.

तीन, आजच्या स्थितीला मार्क द्या आणि तारीख टाका. पॅच आला की परत तपासा आणि नवा आकडा नव्या तारखेने लावा. जुना पुसू नका.

चार, कॉपी फुकट मिळाली का, पैसे मिळाले का, ते सांगा. ही उपकाराची गोष्ट नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावरून शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या आहेत. पैसे, फुकट वस्तू, सूट असं काहीही मिळालं असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगायचं. वर्णनात खाली, हॅशटॅगच्या ढिगात लपवायचं नाही.

आणि आपण घेणाऱ्यांनी काय करायचं? पहिला आठवडा थांबायचं. गेम कुठे पळून जात नाही. घेतलाच तर पहिल्या तासाभरातच निर्णय घ्यायचा, सेटिंगशी झटत बसायचं नाही, घड्याळ तुमच्या विरुद्ध चालू असतं. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवा. आम्हीही नोंदवली आहे, काय होतं ते याच पेजवर कळवीन.

जाता जाता. तीन आठवड्यांनी त्या गेमचा पॅच आला. आता तो भाच्याच्या लॅपटॉपवर कमी ग्राफिक्सवर बरा चालतो. ज्या चौघांचे रिव्ह्यू आम्ही पाहिले त्यांच्यापैकी कुणीही परत त्यावर बोललेलं नाही. म्हणून भाच्याने स्वतःच एक रिव्ह्यू लिहिला. वर लॅपटॉपचं मॉडेल, मग "पहिला दिवस: चालला नाही. एकविसावा दिवस: चालतो, अधूनमधून अडखळतो." खाली तारीख. मला तो त्या चौघांपेक्षा चांगला वाटला, मामा आहे म्हणून नाही.

तुमच्या घरात अशी चार हजारांची गोष्ट झाली असेल तर खाली लिहा. यूट्यूबवाल्या पोरांना टॅग करा, पण शिव्या नकोत. त्यांनी उत्तर दिलं तर ते मी इथेच वर लावीन.

राम कृष्ण हरी.