पाच उंदीर की वीस हजार पेशी?

पाच उंदरांच्या प्रत्येकी ४,००० पेशी तपासल्या म्हणून नमुना वीस हजारांचा झाला, असं जो लिहितो त्याला संख्याशास्त्राचा गंध नाही, नाहीतर त्याला गिऱ्हाईक दुखवायचं नाही. डोस उंदराला दिला, पेशीला नाही. नमुना पाचचाच.

माझ्याकडे माइक्रोन्यूक्लियस चाचणीचे अहवाल येतात, त्यात ही लबाडी दिसते आणि संताप होतो. नवं औषध किंवा कीटकनाशक गुणसूत्रं तोडतं का, हे या चाचणीत उंदराच्या अस्थिमज्जेत पाहतात. कोवळी लाल पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते, तुटका तुकडा मात्र आत राहतो आणि रंगवलेल्या स्लाइडवर ठिपक्यासारखा दिसतो. काहीही न दिलेल्या उंदरातही असे ठिपके असतात. हजारात दोन धरले, तर २,००० पेशींत सरासरी चार. पण निव्वळ योगायोगाने एका उंदरात एक आणि शेजारच्यात सात सापडू शकतात. म्हणून तर ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शिका ४७४ सुधारून दर प्राण्यामागे ४,००० पेशी मोजायला सांगितलं. त्याने मोजणीतला चढउतार कमी होतो. उंदरा-उंदरातला फरक लाख पेशी मोजूनही जात नाही.

समजा, चार उंदरांत ६, ८, ७, ९ आणि पाचव्यात ३१ ठिपके आले. सरासरी १२.२ छापायची, काहीही न दिलेल्या गटापासूनचा फरक ‘सिग्निफिकंट’ नाही म्हणायचं आणि सही ठोकायची! त्या ३१ चं काय? स्लाइड बिघडली, की रसायन त्या एका जिवाला खरोखर भोवलं? याचा शोध घेणं हेच तर काम आहे.

२०११ पासून भारतातले जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) पाळून केलेले अहवाल ओईसीडी देशांत ग्राह्य धरले जातात. म्हणजे इथली चूक साता समुद्रापार जाते. आणि हे पुण्यात खपतं! इथे प्राध्यापक हुजुरबाजारांनी विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या, त्याच आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र उभं आहे. तज्ज्ञांची वाण नाही, विचारायची तयारी नाही. अशा चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या प्राणी नैतिकता समितीत पशुवैद्य लागतो, बाहेरचा शास्त्रज्ञ लागतो, समाजाचा प्रतिनिधी लागतो. संख्याशास्त्रज्ञ सक्तीचा नाही. फॉर्मवर उंदरांच्या संख्येचं कारण म्हणून मार्गदर्शिकेतला किमान आकडा उतरवला की भागतं.

समिती सदस्यांनो, प्रत्येक उंदराची मोजणी आणि प्रयोगशाळेच्या जुन्या कंट्रोल (काहीही न दिलेल्या) गटांचे आकडे समोर आल्याशिवाय अशा चाचणीला पुन्हा मंजुरी देऊ नका.