तापात कुणाला भांडी घासायला लावू नका

शेजाऱ्यांनो, पावसाळा तोंडावर आला आहे. तापाच्या साथी येतील. आपण ऑफिसला कळवून दोन दिवस अंथरुणात पडून राहू, पगार कापला जाणार नाही. पण आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना ताप आला तर? अनेक घरांत आजही त्यांचा खाडा धरतात, पैसे कापतात. म्हणून त्या तापाची गोळी घेऊन कामावर येतात, एकाच दिवसात चार-पाच घरी.

25 मार्च 2020 पासून देश बंद झाला. सोसायट्यांची फाटकं या बायकांना बंद झाली. काही घरांनी काम नसतानाही पूर्ण पगार दिला, त्यांचं मोल मोठं आहे. पुष्कळांनी दिला नाही. त्याच दिवसांत साधी सर्दी झाली तरी घरी थांबा, असं आपण एकमेकांना बजावत होतो. आजारी माणसाने कामावर येणं सगळ्यांनाच धोक्याचं, हे तेव्हा प्रत्येकाला पटलं होतं. साथ ओसरली आणि खाड्याचा हिशेब पुन्हा सुरू झाला. जुनी रीत परत आली एवढ्याने ती रास्त ठरत नाही.

ही मागणी काही करोनाने जन्माला घातलेली नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तोसुद्धा आजारपणातल्या रजेवरूनच पेटला होता. चाळीस वर्षं उलटून गेली, आणि प्रश्न तोच! मला याचा राग येतो, आणि तो तुम्हालाही यावा असं वाटतं.

कायद्याची वाट बघत बसू नका. तापात पगारी रजा आणि आठवड्याची हक्काची सुटी, एवढं तर आपण आपल्या घरापुरतं आजच ठरवू शकतो. कामवाल्यांसाठी वेगळ्या लिफ्टची पाटी असेल, तर ती सोसायटीच्या येत्या सभेतच उतरवा.

आणखी एक काम तातडीचं आहे. राज्यात 2008 च्या कायद्याने घरकामगार कल्याण मंडळ आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत सरकारने घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले, तेही फक्त नोंदणी झालेल्यांना. या नोंदणीसाठी ज्या घरी काम करतात तिथला दाखला लागतो. तो आज रात्रीच लिहून ठेवा, सही करा आणि उद्या सकाळी ताई आल्या की त्यांच्या हाती द्या.