पुदिना कोणी निवडायचा?

मराठी मध्यमवर्गानं ‘पिणं’ या क्रियापदाला एक सोज्वळ पर्याय शोधून काढला आहे, तो म्हणजे ‘बसणं’. ‘शनिवारी बसायचं का?’ असं कोणी म्हणालं की कुठं आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. शब्द मात्र अचूक आहे. पिणारा खरोखरच बसलेला असतो. उभं असतं ते घरातलं दुसरं माणूस: पापड तळणारं, कांदा चिरणारं, बर्फाचा ट्रे नळाखाली धरणारं आणि रात्री साडेअकराला ग्लास विसळणारं.

बँकेतल्या बदल्यांच्या निमित्तानं अशा बैठका मी अनेक गावांत पाहिल्या. बाटली साहेबांची, विनोद साहेबांचे आणि चकणा वहिनींचा, ही विभागणी कुठंच बदलली नाही. म्हणूनच अलीकडे घरी कॉकटेल करण्याची जी हौस वाढली आहे, तिच्याकडे पाहून मी नाक मुरडत नाही. अट एकच. जो पिणार, त्यानंच पुदिना निवडावा.

जिनचा इतिहास काही सोवळा नाही. विल्यम होगार्थच्या १७५१ सालच्या ‘जिन लेन’ या चित्रात नशेत बुडालेल्या आईच्या हातून तान्हं मूल निसटून खाली कोसळतं आहे. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं जिनच्या विक्रीला कायद्यानं लगाम घातला. आपल्याकडेही अनेक गावांतल्या बायकांनी मतपत्रिकेवरच्या ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकानं बंद पाडली. दारूचा हिशेब बहुधा न पिणाऱ्याच्या खात्यावर पडतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता ‘साउथसाइड’ हे जुनं अमेरिकी कॉकटेल घ्या. जिन, लिंबू, साखर आणि पुदिना, एवढाच त्याचा संसार. जिन म्हणजे ज्युनिपरच्या, आपल्या आयुर्वेदातल्या हपुषेच्या, फळांचा गंध दिलेलं मद्य. बहुतेक जिनमध्ये जोडीला चक्क धणेही असतात. पुदिना-लिंबाशी तिचं पटलं तर नवल नाही. ही सोयरीक आपल्या चटणीनं केव्हाच जुळवली आहे.

मूळ कृतीत जिन ६० मिलिलिटर असते. आपल्याकडच्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या जिनमध्ये तेवढ्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. मी निम्मं माप सांगतो. जिन ३० मिलिलिटर, ताज्या लिंबाचा रस १५, साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक १० आणि पुदिन्याची पाच-सहा पानं. माप डोळ्यांनी नव्हे, मापानंच घ्यावं. पुदिना कुटू नये, त्यानं कडवटपणा उतरतो. पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवली की वास सुटतो. मग घट्ट झाकणाच्या बरणीत सगळं भरपूर बर्फासह घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावं आणि गाळून घ्यावं.

जुडी निवडणं, पानं धुणं, लिंबं पिळणं, गाळणी घासणं यात वेळ जातो. तिसऱ्या पेल्याचा कंटाळा यावा, हाच या कृतीचा मोठा गुण.

कोणी म्हणेल, मुलांसमोर हे कशाला? मुलांपासून काही लपत नसतं. बाटली कपाटात कपड्यांमागे आहे, हे त्यांना ठाऊक असतं. लपवण्याचं शिक्षण तेवढं त्यांना मिळतं. त्यापेक्षा बाप मोजून ओततो आणि माप संपलं की बाटली बंद करतो, हे दिसलेलं बरं.

अर्थात, कोणी प्यावं असा माझा आग्रह मुळीच नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो आणि जिनसारख्या मद्याचा परवाना वयाच्या २५ वर्षांआधी मिळत नाही. तेव्हा ‘एक घोट घे रे’ हा आग्रह निव्वळ असभ्यपणा आहे. न पिणाऱ्यासाठी तोच पुदिना, तेच लिंबू आणि वर सोडा, पण तितक्याच निगुतीनं केलेलं.

शनिवारी बसायचं ठरलंच असेल, तर यजमानानं आधी ओट्याशी उभं राहावं. आजवर ज्या उभ्या राहिल्या त्यांनी बाहेर येऊन बसावं. आणि प्यायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.