पाटी पुसायची की अक्षर?

सी शिकताना मेन लिहून झालं की पुढची ओळ कोणती? क्लिअर स्क्रीन! का, ते कुणी विचारत नाही. टर्बो सीमध्ये आधीच्या रनचं आउटपुट पडद्यावर तसंच राहायचं, म्हणून कुठल्यातरी सीनियरने ती ओळ टाकली आणि तेव्हापासून आपण तिची झेरॉक्स मारतोय. टर्बो सी गेलं, जीसीसी आलं, तरी आता सिस्टीम-सीएलएस लिहून तेच चालू आहे.

मीही त्यातलाच. माझा मिनी प्रोजेक्ट म्हणजे पेण ते रोहा पॅसेंजरचा बोर्ड. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशा पाच ओळी, समोर गाडी यायला उरलेली मिनिटं. एक आकडा बदलला की अख्खा पडदा पुसायचा आणि पाचही ओळी परत छापायच्या. स्क्रीन खराब ट्यूबलाइटसारखी फडफडायची. मग शहाणपणा करून कर्सर फक्त त्या आकड्यावर नेला. दहाचे नऊ झाले आणि नागोठण्यासमोर दिसले ९० मिनिटं! एकावर नऊ बसला, शून्य मात्र जागचा हलला नाही. सर म्हणाले, "रुळावर म्हैस आली का रे?"

उपाय एवढासाच होता. एस्केप, उघडा चौकोनी कंस आणि के, ही तीन अक्षरं पाठवली की कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचं पुसलं जातं. केच्या आधी १ दिला तर ओळीच्या सुरुवातीपासून कर्सरपर्यंत, २ दिला तर पूर्ण ओळ. केच्या जागी जे टाकलं की हाच हिशोब ओळीऐवजी पडद्याला लागू. आणि ज्या टर्बो सीला आपण नावं ठेवतो, त्यात विंडो नावाचं फंक्शन होतंच. आधी चौकट आखून घेतली की क्लिअर स्क्रीन फक्त त्या चौकटीपुरतं पुसायचं. पण पुस्तकाचं ते पान उघडतो कोण!

हे लाड म्हणून केलेलं नाही. डेकचं व्हीटी-१०० टर्मिनल १९७८ चं. त्याचा पडदा ८० बाय २४, म्हणजे १९२० अक्षरं. १२०० बॉडच्या लाइनवर सेकंदाला साधारण १२० अक्षरं येणार, म्हणजे भरलेला पडदा परत रंगवायला १६ सेकंद. एका आकड्यासाठी! म्हणून बर्कलीत केन अरनॉल्डने लिहिलेली कर्सेस लायब्ररी आधी पडद्यावर काय आहे आणि काय हवंय हे ताडून बघते, आणि फक्त फरक पाठवते.

"आता मशीन फास्ट आहेत, काय फरक पडतो?" असं रूममेट म्हणतो. फडफडीचं सोड रे, पण पुसलेलं परत कोण आणून देणार? सबमिशनच्या आधी दोन रात्री आम्ही एक बग शोधत होतो. प्रोग्रॅम सुरुवातीलाच "फाईल उघडली नाही" असं स्पष्ट सांगत होता, आणि पुढच्याच ओळीला आमचं क्लिअर स्क्रीन ते पुसून टाकत होतं! शिवाय आपला प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी त्या पडद्यावर दुसऱ्याचं काम असतं, ते पुसायचा हक्क आपल्याला कुणी दिला? व्हिम किंवा लेस बघा. ते वेगळ्या पडद्यावर काम करतात आणि निघताना आधीचा पडदा जसाच्या तसा परत देतात.

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी चुकली तर कारागीर तेवढा डोळाच पुसतो, त्यासाठी अख्खी मूर्ती धुवायला काढत नाही. (हे रूममेटलाही पटलं, तो पेणचाच आहे.)

तेव्हा सरांना एक विनंती आहे. जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल वाढवा : पाच ओळींचा बोर्ड, एकच आकडा बदलायचा, बाकीच्या चार ओळींना हात लावायचा नाही. आणि मोजणी दहापासून खाली न्यायला लावा, म्हणजे म्हैस सगळ्यांच्याच रुळावर येईल.