तुमचा ‘ग्रीन’ ख्रिसमस आणि आमच्या वस्तीतली अकरा पोती



डिसेंबर लागला की आम्हाला फोन येऊ लागतात. आवाज गोड असतो. “आमची सोसायटी यंदा पर्यावरणपूरक ख्रिसमस करतेय, काहीही वाया घालवायचं नाही असं ठरलंय. जुने कपडे, खेळणी गोळा केलीत. तुमच्या मुलांसाठी पाठवू का?” गेल्या वर्षी आम्ही हो म्हणालो. टेम्पोतून अकरा पोती आली.

पोत्यांत काय होते? एका पायाचा सांताक्लॉज. निम्मे तुकडे हरवलेली कोडी. बॅटरीचा गंज बाहेर आलेली मोटार. डाव्या पायाचे बूट, उजव्याचा पत्ता नाही. आणि चुरगळलेला चमकीचा गिफ्ट पेपर, तो कोणत्या मुलासाठी होता हे आम्हाला अजून कळलेले नाही. वापरण्याजोगे निघाले ते दोन पोत्यांत मावले. उरलेली नऊ वस्तीच्या तोंडाशी पडून राहिली, कारण घंटागाडी आमच्या बोळात शिरत नाही. शेवटी ती निवडली वस्तीतल्याच एका कचरावेचक मावशीने, हातमोज्यांशिवाय. चमकीचा कागद तिने बाजूला टाकला. त्याला प्लास्टिकचा थर असतो, भंगारवाला तो घेत नाही. मावशीची अर्धी सकाळ गेली, हाती आले थोडे पुठ्ठे आणि थोडे लोखंड.

तिकडे सोसायटीचा ख्रिसमस ‘शून्य कचरा’ झाला. फोटोही टाकले गेले.

आता तारीख बघा. २५ डिसेंबर. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही आपल्या पोरांना सांगत जा. ज्या ग्रंथाला अग्नी दिला त्याच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला काय द्यावे याची यादीच आहे: उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातले फोल आणि घरातले जुनेपाने सामान. ही यादी आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे आवाहन शेजारी शेजारी ठेवून वाचा. आवाहन लिहिणाऱ्या ताईंनी मनुस्मृती उघडलीही नसेल. उघडायची गरजच काय? आपल्याला नको झालेली वस्तू कोणत्या दिशेला जाते, हे या देशात न शिकवता कळते.

त्याच वर्षी मार्चमध्ये, महाडच्याच परिषदेत, बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शिळेपाके तुकडे आणि मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. त्या काळी ते तुकडे म्हणजे अनेकांचे रात्रीचे जेवण होते. तरी सांगितले. आम्ही मात्र अकरा पोती उतरवून घेतली आणि वर आभाराचे पत्र दिले. ही चूक आमची.

काही साथी म्हणतील, वस्तू पुन्हा वापरणे वाईट कसे? वाईट नाहीच. विनयपिटकात आनंद आणि राजा उदयनाची कथा आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा राजाला शंका आली की भिक्खू एवढ्या वस्त्रांचे करणार काय. आनंदाने हिशेब दिला. नवी वस्त्रे ज्यांची चिवरे जीर्ण झाली त्यांना, जुन्या चिवरांची पांघरुणे, त्यांची मग बिछायती, पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमिनीला लिंपण. जगात आज ‘सस्टेनेबल’ म्हणून जे विकले जाते ते यापुढे फिके आहे. पण या कथेत दुसऱ्याला दिले ते नवे आहे, आणि झिजलेले शेवटच्या चिंधीपर्यंत संघाने स्वतःच्याच घरात जिरवले आहे. सोसायटीने नेमके उलटे केले. नवे स्वतःला आणि चिंधी आम्हाला.

हा वाद ख्रिस्ती बांधवांशी नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी महार-मांग कुटुंबांनी मिशनच्या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांत आपले नातेवाईकही आहेत. त्यांच्याकडचा नाताळ आम्ही पाहिला आहे. कामट्यांना कागद चिकटवून केलेली चांदणी, गवत-मातीची गव्हाण, घरी तळलेल्या करंज्या. दुसऱ्या दिवशी झाडायला काय उरते? गवत शेळी खाते. कचरा येशूच्या जन्माने होत नाही, मॉलच्या सेलने होतो. सोसायटीत सण करणारी बहुतेक घरे ख्रिस्ती नव्हतीच.

आणि आपली घरे? प्लास्टिकचे झाड आता आपल्याकडेही आले आहे, शाळेत सांता व्हायचे म्हणून लाल झगाही. पोरांना हौस असते, आम्ही त्यावर फार बोलणार नाही. पण १५ एप्रिलला पहाटे पुतळ्याच्या चौकात उभे राहून बघा. फ्लेक्स, ग्लास, पत्रावळ्या. आणि झाडू मारणारी बाई गळ्यात निळा पंचा तसाच ठेवून आलेली असते.

म्हणून ‘कचरा कमी करा’ हे आम्हालाही हवे आहे, पण ते खरेदीच्या वेळी व्हावे, पोते भरताना नाही. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, हे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केले होते. पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि आपल्या कामाला काम म्हणायला लावले. त्या बाईचे महिन्याचे पैसे वेळेवर द्या, बॅटरी आणि फुटकी काच वेगळी बांधा, डिसेंबरात जास्त ओझे उचलते म्हणून तिला जास्त द्या. यात दान कुठेच नाही.

यंदाही त्याच ताईंचा फोन आला. आम्ही सांगितले, आधी तुम्हीच निवडा, आणि जे तुमच्या बहिणीच्या मुलीला वाढदिवसाला द्याल तेवढेच पाठवा. बाकीचे तुमच्या इमारतीतच ठेवून जिरवा. पलीकडे जरा शांतता. मग त्या म्हणाल्या, “कमिटीला विचारून सांगते.”

अजून फोन आलेला नाही. २५ तारखेला संध्याकाळी वस्तीत दहनदिनाची सभा आहे. कागदी पताका मुलेच कापणार आहेत, गेल्या वर्षीच्या वह्यांच्या उरलेल्या पानांतून.