संसाराचा जमाखर्च : स्वस्त व्याज आणि महाग कर्ज

लोणखेडा येथील एका वाचक गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. शहाद्याला लागून असलेल्या या गांवीं त्यांचें वडिलोपार्जित घर आहे. तीन भावांचा संसार एकत्र. मुलें मोठीं झालीं, खोल्या अपुऱ्या पडूं लागल्या, म्हणून तेंच घर गहाण ठेवून दहा लाखांचें कर्ज काढावें व वर माडी चढवावी असें ठरलें. कर्ज कोठून घ्यावें एवढाच प्रश्न उरला आहे. धाकटे बंधु म्हणतात, "दादा, एके ठिकाणीं पावणेनऊ टक्के आहे, दुसरीकडे नऊ, मग विचार कसला करायचा?" वडील बंधूंस मात्र या स्वस्ताईंत कांहीं तरी पेंच असावा असें वाटतें. उभयतांनीं आम्हांस पंच नेमलें आहे. प्रश्न एकाच घरापुरता नसल्यामुळें उत्तर येथेंच देत आहों.

प्रथम हिशेब पाहूं. मुदत वीस वर्षें, आणि दर आज आहेत तेच राहतील असें धरूं. नऊ टक्क्यांनीं मासिक हप्ता सुमारें ८,९९७ रुपये येतो, पावणेनऊ टक्क्यांनीं ८,८३७. महिन्याची बचत १६० रुपये, वीस वर्षांची ३८,४००. येथपर्यंत धाकट्या बंधूंचें म्हणणें खरें. परंतु पत्रासोबतचा तपशील पाहतां, स्वस्त दराच्या कर्जावर प्रक्रिया-शुल्क, कागदपत्रांचा खर्च आणि कर्जाबरोबरचा विमा मिळून आरंभींच ३०,००० रुपये अधिक द्यावयाचे आहेत. आतां समजा, दहा वर्षांनीं कर्ज फेडून टाकलें. तोंवर हप्त्यांत १९,२०० रुपये वांचले, शिल्लक मुद्दल सुमारें ५,००० रुपयांनीं कमी भरलें. एकूण लाभ चोवीस हजार, आणि दिले तीस हजार! पुरीं वीस वर्षें कर्ज ठेवल्यास ८,४०० रुपये हातीं उरल्यासारखे दिसतात; पण आज मोजलेल्या तीस हजारांवर वीस वर्षांत जें व्याज मिळालें असतें तें धरल्यास हा लाभहि नाहींसा होतो.

दराहूनहि मोठी गोष्ट मुदतीची, आणि तिच्याकडे दोघांचेंहि लक्ष गेलेलें नाहीं. नऊ टक्क्यांनींच हें कर्ज वीसऐवजीं पंधरा वर्षांचें घेतल्यास हप्ता १०,१४३ रुपये होतो; दरमहा साडेअकराशें रुपये अधिक. परंतु एकूण व्याज ११,५९,००० वरून ८,२६,००० वर येतें. म्हणजे तीन लाखांहून अधिक रुपये घरांतच राहतात.

असला हिशेब प्रत्येकास करतां येईल असें नाहीं. त्यासाठीं रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या गृहकर्जांसारख्या कर्जांवर बँकांनीं व गृहवित्त कंपन्यांनीं एक तथ्यपत्रक देणें आवश्यक झालें आहे. त्यांत शुल्कें व विमा धरून पडणारा वार्षिक दर दिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करावयाची ती या आंकड्यांची. पतसंस्थांस ही आज्ञा लागू नाहीं. तेथें सर्व तपशील लेखी मागून घ्यावा. मूळ रकमेवर दहा टक्के सरळ व्याज म्हणून सांगितलेलें पांच वर्षांचें कर्ज, मासिक हप्त्यांनीं फेडतां, घटत्या शिलकेवर सुमारें सव्वासतरा टक्क्यांचें पडतें, हें ध्यानांत असूं द्यावें. बदलत्या दराचें गृहकर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास बँकेस दंड घेतां येत नाहीं. फेड पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत घराचीं कागदपत्रें परत मिळालीं पाहिजेत. बँकेच्या दोषानें विलंब झाल्यास तिनें दर दिवसास ५,००० रुपये द्यावे, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

गहाणाचा कागद न समजतां त्यावर अंगठा उमटविला तर काय होतें, हें शहाद्याच्या मुलुखास नव्यानें सांगावयास नको. कर्जापायीं भिल्ल आदिवासींच्या जमिनी येथें दुसऱ्यांच्या हातीं गेल्या. त्या सोडविण्यासाठीं १९७२ सालीं शहाद्यास भूमुक्ति परिषद भरली, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठीं १९७४ चा कायदा करावा लागला. आज आपण अंगठा न उमटवितां सही करतों. पण सही करणाऱ्यानें कागद वाचलाच असेल असें नाहीं.

तेव्हां आमचा निवाडा असा. स्वस्त दर देणाऱ्यांस विमा वगळून पुन्हा तथ्यपत्रक मागावें. आरंभींचा जादा खर्च फारसा उतरला नाहीं तर नऊ टक्क्यांचेंच कर्ज घ्यावें, आणि तिघांच्या मिळकतींतून झेपेल तर पंधरा वर्षांच्या मुदतीनें. सह्या होण्यापूर्वीं तें पत्रक एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावें. घरांतील स्त्रियांनाहि त्या वेळीं बोलवावें. कारण महिन्याच्या खर्चांतून हप्ता बाजूस काढण्याचें काम बहुधा त्यांच्याकडेच येणार आहे.