पान सहा

गिरणीतनं सुट्टीवर आलो, तर मांडवीच्या जेटीवर वाडीतला पोरगा भेटला. कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. वार्षिक अंकाला त्यानं लेख दिला होता. वसतिगृहाच्या नळाला दिवसाआड पाणी, एवढंच. अंक आला, लेख गायब. त्या जागी समुद्रावरची कविता. पहिल्या पानावर चेअरमनसाहेब, हारासकट. अंकाची फी मात्र ह्याच्याकडूनबी घेतलेली! संपादक सर म्हणाले, "आधी शीक, मग लिही."

सर, लंडनचं शिक्षण अर्धवट असतानाच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. डिग्री पुरी होईस्तोवर थांबले नाहीत. त्याच साली पुढं शिकायला गेले.

अमेरिकेत हेझलवूडच्या शाळेत १९८३ साली मुख्याध्यापकानं पोरांच्या पेपरातली दोन पानं अशीच उडवली. पोरी कोर्टात गेल्या, १९८८ ला सुप्रीम कोर्टात हरल्या. पण तिथं १९७४ पासून स्टुडंट प्रेस लॉ सेंटर आहे. विद्यार्थी-पत्रकारांना कायद्याची फुकट मदत करणारी, देशभराची संस्था. त्या निकालानंतर कैक राज्यांनी पोरांच्या बाजूनं कायदे केले.

आणि आपल्या पोराच्या मागं कोण? विद्यार्थ्यांच्या संघटना? त्यांना झेंडा धरायला पोरं लागतात. पोरांनी लिहिलेलं वाचायला सवड नाही. आपलेबी त्यातच, दोस्तांनो. जयंतीच्या वर्गणीला आपण दारोदार फिरतो, कापलेल्या लेखासाठी एकजण प्राचार्यांच्या दारात उभा राहिला नाही.

मी सातवी नापास. पोराचा लेख ह्याच अंकात पान सहावर आहे. अक्षर कापलेलं नाही. शुद्धलेखनबी तपासलेलं नाही.